मदत हवी आहे: पिकअपचा सरकता ट्रे बाहेर ओढताना तिरका होऊन अडकतो

ट्रे 1500×1000 मिमी, 18 मिमी प्लाय. दोन्ही बाजूंना 41×41 मिमीचे स्लॉटेड चॅनेल (भोकं असलेली, C आकाराची पत्र्याची पट्टी), तोंड आतल्या बाजूला. आतली मोकळी जागा 36 मिमी, त्यात 35 मिमी व्यासाची 6202 बेअरिंग. ट्रे 900 मिमी बाहेर येतो. वजन जास्तीत जास्त 120 किलो.

उभा भार नीट पेलतो. सगळं वजन बाहेरच्या 900 मिमीत पसरलं तर मागच्या दोन बेअरिंगवर मिळून वरच्या दिशेने साधारण 90 किलो येतात. तरी चॅनेल उचललं जात नाही, कारण एम8 बोल्टला हौद्याच्या खालून मोठ्या पट्ट्या दिल्या आहेत. अडचण आडव्या हालचालीची आहे. एका कडेला धरून ओढलं की ट्रे वाकडा होतो आणि बेअरिंगची कड चॅनेलच्या दुमडलेल्या ओठाला घासते. तिथे पत्रा चकचकीत झालाय.

कर्ण मोजले, फरक 2 मिमीच्या आत. शिम (पातळ चकत्या) घालून चॅनेल समांतर केले. ग्रीस लावलं तर धूळ चिकटून आणखी जड झालं.

वेल्डिंगची सोय नाही, तयार स्लाइड बजेटबाहेर, ट्रेखाली जेमतेम 20 मिमी जागा. अशात बाजूला आडवी बेअरिंग बसवावीत की एचडीपीईची (कडक, गुळगुळीत प्लास्टिकची) पट्टी पुरेल? पट्टी लावली तर दर बाजूला किती फट सोडावी?