मदत हवी आहे: हार्ड डिस्क पीएस४ ला (प्लेस्टेशन ४, टीव्हीला जोडायचं गेम खेळण्याचं यंत्र) दिसत नाही

नमस्कार मंडळी. कोथरूडला राहतो. १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क आहे, एनटीएफएसमध्ये (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची विंडोजची पद्धत) फॉरमॅट केलेली. विंडोजवर छान चालते, पण भाच्याच्या पीएस४ ला लावली की ढिम्म! चौकशी केल्यावर कळलं, पीएस४ ला एनटीएफएस चालत नाही. फॅट३२ किंवा एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतींपैकी एक लागते. बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ ११ जीबीचा, आणि फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. म्हणजे एक्सफॅटच. ते मेहुण्यांच्या मॅकवरही चालेल.

अडचण अशी, की डिस्कवर आधीच ६०० जीबी माल आहे, आणि फॉरमॅट केलं की सगळं पुसलं जाणार. तेवढं उतरवून ठेवायला दुसरी डिस्क नाही. डिस्कचे दोन भाग करून रिकाम्या भागात एक्सफॅट केलं, तर पीएस४ तो भाग ओळखेल का? कुणी स्वतः करून पाहिलंय?

भाचा म्हणतो, 'मामा, सेटिंगमध्ये एक्स्टेंडेड स्टोरेज करू या.' म्हणजे डिस्क पीएस४ चे गेम साठवायला देऊन टाकायची. त्याला हात लावू दिला नाही. त्यात डिस्क पूर्ण पुसली जाते, वर कॉम्प्युटरला वाचताही येत नाही.

आजी रविवारी लग्नाचा व्हिडिओ बघायला टीव्हीसमोर बसणार आहेत, त्याआधी सांगा!