मदत हवी आहे: लससक्तीवर मर्यादा घालणारं विधेयक – कलम ४ कसं लिहावं?

नमस्कार मंडळी,

अभिरूप संसदेसाठी लससक्तीवर मर्यादा घालणाऱ्या विधेयकाचा मसुदा माझ्या गळ्यात पडला आहे. 'लस चांगली की वाईट' हा वाद कृपया इथे नको, त्यासाठी वेगळे धागे ओसंडून वाहतायत. माझं घोडं अडलंय ते कलम ४ वर.

पहिली तीन कलमं दोन निकालांच्या आधारे पटकन झाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये जेकबसन खटल्यात देवीच्या लसीची सक्ती वैध ठरवली खरी, पण न घेणाऱ्याला शिक्षा काय, तर ५ डॉलर दंड. धरून टोचायचा अधिकार त्या कायद्यात नव्हताच. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या जेकब पुलियेल निकालात शरीरावरचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये (जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) बसवला: लस लादता येणार नाही, मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणात असतील असे निर्बंध घालता येतील. (दोन्हीकडे जेकब! भाषणात हे मी सोडणार नाही.)

आता कलम ४. अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्याच्या २०२१ च्या कायद्याच्या धर्तीवर मी लिहिलं:

"कोणतीही शासकीय वा खाजगी संस्था नोकरी, प्रवेश अथवा सेवा देताना लसीकरणाचा दाखला मागणार नाही."

वाचायला झकास. पण केमोथेरपीच्या वॉर्डातल्या नर्सला गोवराची लस झालीय का, हेसुद्धा इस्पितळाने विचारायचं नाही? सरकारला आवरायला निघालेला कायदा इथे इस्पितळावरच सक्ती करतोय. विरोधक मला यावरच धुणार.

शिवाय सगळ्या लसी एका माळेत ओवता येत नाहीत. धनुर्वात एकाचा दुसऱ्याला होत नाही, मग 'इतरांच्या रक्षणासाठी' सक्ती म्हणणार कशी? गोवराचं उलट, साथ रोखायची तर सुमारे ९५ टक्के लोक संरक्षित लागतात. कोविडची लस गंभीर आजार टाळते, पण ओमायक्रॉन आल्यावर संसर्ग रोखण्यात ती कमी पडू लागली. या तिघींना एकच कलम कसं पुरेल? वकील आणि डॉक्टर मंडळींनी मार्ग सुचवावा.

प्रतिसाद १
सरसकट बंदी काढा, निकष घाला. रोग माणसांतून पसरतो का, लस तो प्रसार किती रोखते, सौम्य उपाय उपलब्ध आहे का? हे सिद्ध करायची जबाबदारी दाखला मागणाऱ्यावर टाका. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०२१ मध्ये चेक प्रजासत्ताकातला दंड आणि बालवाडी प्रवेशबंदी वैध ठरवली, तोही निकाल वाचा. विरोधक तो काढणारच.

प्रतिसाद २
डॉक्टर म्हणून एवढंच: नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांना गोवराची लस सहसा देत नाहीत, आणि रोगप्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांना ती देता येत नाही. त्यांचा शरीरावरचा हक्कही मसुद्यात कुठेतरी दिसू द्या.
आणि सवलत ठेवलीत तर ती मिळवायची कशी, हे नीट लिहा. इंग्लंडने १८९८ मध्ये देवीच्या लसीच्या सक्तीतून सदसद्विवेकाच्या आधारे सूट दिली, पण पालकांना मॅजिस्ट्रेटची खात्री पटवावी लागे आणि कित्येक मॅजिस्ट्रेट दादच देत नसत. १९०७ मध्ये साध्या प्रतिज्ञापत्रावर सूट मिळू लागली, तेव्हा ती घेणारे भराभर वाढले.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. कलम ४ आता असं:

"माणसांतून न पसरणाऱ्या रोगाच्या लसीचा दाखला कोणीही मागणार नाही. इतर लसींबाबत असुरक्षित व्यक्तींची देखभाल करणाऱ्या संस्थांना तो मागता येईल. लस न घेतलेल्याला आधी पर्यायी काम द्यावे लागेल."

पर्यायी काम नसेलच तर? बिनपगारी रजा लिहिली तर ती मागच्या दाराने आलेली सक्ती ठरेल का? यावर कुणाला एखादा निकाल ठाऊक असेल तर सांगा.