मदत हवी आहे: मॉरिशसला फेब्रुवारीत जावं की मेमध्ये? (उद्यापर्यंत उत्तर हवं)

आकडेमोड
नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२७ मध्ये, मॉरिशसला जायचं घाटतंय. एजंटने दोन भाव दिलेत, एक फेब्रुवारीचा आणि एक मेचा. फेब्रुवारीचा चांगलाच कमी आहे. नेटवर वाचायला गेलो तर निम्मे लोक म्हणतात मे ते डिसेंबर उत्तम, निम्मे म्हणतात नोव्हेंबर ते एप्रिल. डोकं फिरलंय. उद्या संध्याकाळपर्यंत टोकन भरायचंय. कृपया मुद्द्याचं सांगा, 'बजेट किती' वगैरे विचारू नका, ते आमचं आम्ही बघू.

अरभाट
किती जण? बरोबर लहान मुलं किंवा म्हातारी माणसं आहेत का? पाण्यात उतरायचंय की काठावरून बघायचंय? हॉटेल कुठल्या किनाऱ्याला? डॉक्टरला फोन करून नुसतं "दुखतंय, गोळी सांगा" म्हटल्यासारखं झालंय हे.

आकडेमोड
अहो महिना विचारलाय, दोनातला एक. चौघं आहोत. हॉटेल चार तारांचं आहे, बीचवर.

तवसाळ
मॉरिशस कशाला पण? तेवढ्या पैशात अख्खं खानदान तारकर्लीला नेऊन आणाल. फेब्रुवारीत पाणी काचेसारखं असतं. वर ताजं बांगड्याचं तिखलं. परदेशात गेलं की मग पोळी-भाजी शोधत फिरायचं, त्यापेक्षा आपलं कोकण काय वाईट?

शंखशिंपला
तवसाळ, तारकर्ली मलाही आवडतं, पण प्रश्न तो नाही. शिवाय तुम्ही मेचं काही बोललाच नाहीत. मेअखेर आपल्याकडच्या जलक्रीडा पावसाळ्यासाठी बंद होतात. नेमकं तेव्हा मॉरिशसचं हवामान सुधारायला लागलेलं असतं. ते बेट विषुववृत्ताच्या खाली आहे, त्यामुळे ऋतू उलटे. आपला मे म्हणजे त्यांच्या हिवाळ्याची सुरुवात.

गुळपोळी
आम्ही फेब्रुवारीतच गेलो होतो (हनिमून). निळंशार आकाश, कोमट पाणी, गर्दी नाही, हॉटेल स्वस्त. दुपारी एखादी सर यायची आणि अर्ध्या तासात ऊन. डोळे झाकून फेब्रुवारी घ्या. नेटवर उगाच घाबरवतात.

खारा वारा
मी काही वर्षं मॉरिशसमध्येच, एबेनला, नोकरीला होतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. घाईत असाल तर शेवटचा परिच्छेद वाचा.

नोव्हेंबर ते एप्रिल तिथला उन्हाळा. किनाऱ्यावर दिवसा तिशीच्या पुढे, दमट, अगदी मुंबईच्या ऑक्टोबरसारखं. समुद्र मात्र २७-२८ अंश, आत गेलं की बाहेर यावंसं वाटत नाही. अडचण वादळांची. चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत धरतात आणि त्यातही जानेवारी ते मार्च हा खरा भरात असलेला काळ. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या, विमानतळ बंद झाला. त्याच्या आदल्या वर्षी फेब्रुवारीत फ्रेडी बेटाच्या उत्तरेकडून गेलं.

म्हणजे दर फेब्रुवारीत वादळ येतं असं नाही. बहुतेक वादळं बेटाला चुकवून जातात. पण नुसती जवळून गेली तरी तुमचे दोन-तीन दिवस खातात. इशाऱ्याचे चार वर्ग असतात. पहिला लागला तरी लोक निवांत असतात, फक्त दुकानात पाव आणि मेणबत्त्यांना रांग लागते. तिसरा लागला की बस बंद, दुकानं बंद, सगळ्यांनी घरात. तुम्ही हॉटेलच्या खोलीत.

जून ते सप्टेंबर कोरडं आणि थंड. किनाऱ्यावर दिवसा २४-२५, समुद्र २२-२३. आपल्या माणसाला हे पाणी गारच लागतं. आणि आग्नेयेकडून वारा सुटतो, तो पूर्व किनाऱ्याला सरळ झोडपतो.

थोडक्यात: ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वोत्तम. तुमच्या दोनात मे, त्यातही महिन्याचा दुसरा अर्धा. पण हॉटेल कुठल्या बाजूला आहे ते सांगा, अरभाटांनी विचारलं ते उगाच नाही.

गुळपोळी
खारा वारा, तुम्ही तिथे राहिलात म्हणून वादळं बघितली. आठवडाभरासाठी जाणाऱ्याच्या नशिबी वादळ यायची शक्यता किती? उगाच बेलाल नि फ्रेडी. आमच्या आख्ख्या ग्रुपमध्ये कुणालाच काही झालं नाही.

खारा वारा
शक्यता कमीच आहे, मी तेच लिहिलंय. पण भाव स्वस्त का आहे याचं उत्तरही त्यातच आहे. हॉटेलवाल्यांना तुमच्यापेक्षा त्यांचं हवामान जास्त कळतं. आणि वादळ नसलं तरी उन्हाळ्यातला पाऊस साधा नसतो. ३० मार्च २०१३ ला पोर्ट लुईत काही वेळात एवढा पाऊस कोसळला की पुरात ११ माणसं गेली. ते चक्रीवादळ नव्हतं.

गुळपोळी
बरं बाबा, तुमचंच खरं. मग मुंबईला जुलैत येणं पण बंद करू या.

माईआजी
बाळा आकडेमोड, पासपोर्ट सहा महिने तरी शिल्लक असू दे. भारतीयांना तिकडे फिरायला जाताना आधी व्हिसा काढावा लागत नाही, उतरल्यावर शिक्का मारतात, पण ऑनलाईन एक फॉर्म असतो तो निघण्यापूर्वी भरून टाक. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून ने, फोनवर विसंबू नको. रोपं, बिया, फळं बॅगेत ठेवू नको, त्यांच्या विमानतळावर फार बारीक बघतात. मेतकूट चालतं.

आकडेमोड
माई, धन्यवाद, पण व्हिसाचं विचारलं नव्हतं.
खारा वारा, हॉटेल बेल मारला आहे. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर सुचवू नका, जमणार नाही. मी सीए आहे. जुलैपासून ऑडिट आणि रिटर्न्स संपेपर्यंत मान वर करता येत नाही, मार्चही गेला. म्हणून हे दोनच महिने.

शंखशिंपला
बेल मार म्हणजे पूर्व किनारा. वाळू पांढरीशुभ्र आणि लांबच लांब, फोटो झकास येतात. पण वाऱ्याचं जे लिहिलंय ते तिथेच लागू होतं. फेब्रुवारीत तिथे मस्त झुळूक, जुलैत टोपी उडते. मेमध्ये वारा नुकता जोर धरू लागतो, चालेल, पण रोज आरशासारखं पाणी मिळेल अशी आशा नको. मेच ठरत असेल तर पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाक किंवा वायव्येला त्रू ओ बिश बघा. मधले डोंगर वारा अडवतात. पाऊसही त्या बाजूला कमी, सगळा मधल्या पठारावर क्युरपीपकडे पडतो. मी स्वतः डायव्हिंगसाठी गेलो तर पश्चिमच घेतो.

जवळजवळ सगळ्या बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, लाटा बाहेरच फुटतात. त्यामुळे आतलं पाणी उथळ आणि शांत, पोहता न येणाराही कंबरभर पाण्यात उभा राहू शकतो. अपवाद दक्षिणेला ग्री ग्री, तिथे भिंत तुटलेली आहे आणि समुद्र थेट कड्यावर आदळतो. बघायला जा, उतरायला नको. आणि रबरी बूट न्या, खाली समुद्री साळू असतात, काटा रुतला की सहल तिथेच संपली.

अरभाट
चौघांत कोण कोण ते अजून कळलेलं नाही.

आकडेमोड
मी, बायको, आई, बाबा. बायकोला स्नॉर्कलिंग करायचंय. बाबांसाठीच फेब्रुवारी बघत होतो खरं तर. त्यांना महाशिवरात्रीला गंगा तलावावर दर्शन घ्यायचंय. त्यांनी कुठेतरी त्या शंकराच्या उंच मूर्तीचा व्हिडिओ बघितला तेव्हापासून तेच चाललंय. एजंट म्हणाला, फेब्रुवारीत महाशिवरात्र असते, दोन्ही साधेल.

अरभाट
अहो हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! इथे लोक वाऱ्यावर निबंध लिहीत बसलेत.

खारा वारा
मूर्ती मंगल महादेवाची, १०८ फूट. समोर तेवढीच दुर्गा आहे. तलाव म्हणजे जुन्या ज्वालामुखीचं मुख, १९७२ साली गंगेचं पाणी आणून त्यात मिसळलं, तेव्हापासून गंगा तलाव. महाशिवरात्रीचा सोहळा खरोखर बघण्यासारखा असतो. बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक कावड घेऊन चालत येतात, काही जण दोन-तीन दिवस चालतात. रस्त्याकडेला मंडप, फुकट सरबत, जेवण. पण म्हणूनच त्या दिवसांत गाडीने तिकडे पोचणं कठीण. गाड्या लांब थांबवतात, पुढे चालायचं. वर पठारावर पाऊस आणि गारठा. बाबांच्या गुडघ्यांचं काय?

आकडेमोड
गुडघे ठीक नाहीत. पण ते म्हणतात चालेन.

बोरकूट
एक प्रश्न. तुमच्या फेब्रुवारीच्या तारखा कुठल्या?

आकडेमोड
१२ ते १८.

बोरकूट
मग कठीण आहे. २०२७ ची महाशिवरात्र ६ मार्चला आहे. आत्ताच पंचांगात बघितलं. यंदाची १५ फेब्रुवारीची होती, एजंटने त्यावरूनच ठोकून दिलेलं दिसतंय. तिथी आहे ती, दर वर्षी त्याच तारखेला कशी येईल?

अरभाट
संपलं. वादळाच्या मोसमात जायचं, ज्यासाठी जायचं तेच तेव्हा नाही, आणि मार्चात सीएसाहेबांना रजा नाही.

गुळपोळी
हवामान चांगलं असेल हे माझं म्हणणं अजून कायम आहे. पण हो, बाबांसाठी जायचं असेल तर उपयोग नाही.

आकडेमोड
एजंटला फोन केला. आधी म्हणाला असं कसं होईल, मग म्हणाला बघून सांगतो. अर्ध्या तासाने फोन, "सर, मेमध्ये पण दर्शन होतं".

खारा वारा
ते मात्र खरं बोलला. देऊळ रोज उघडं असतं. साध्या दिवशी गाडी अगदी जवळ जाते, बाबांना शांतपणे अभिषेक करता येईल. नैवेद्य सांभाळा, माकडं हातातून ओढून नेतात. सकाळीच जा, दुपारी वर धुकं आणि भुरभुर. तिथून शामारेलची सात रंगांची माती जवळ आहे, एका दिवसात दोन्ही होतं.

मेमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. समुद्र २५-२६ अंश, स्नॉर्कलिंगला पुरेसा. संध्याकाळी किनाऱ्यावर हलकी शाल लागेल, बस.

तवसाळ
अवांतर: तिकडे मराठी लोक आहेत म्हणतात ते खरं का? बोलतात का मराठी?

खारा वारा
आहेत. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांवर मजूर गेले त्यात आपल्याकडचेही होते, रत्नागिरीच्या बाजूचे बरेच. घरात आता क्रेओल चालते, पण मराठी शाळेत शिकता येते. गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. आणि जाखडी अजून नाचतात! मी पहिल्यांदा बघितली तेव्हा कोकणातल्या गणपतीतच आलो असं वाटलं.

तवसाळ
मग गणपतीतच जा की. जाखडी बघायला मिळेल, वर ऑगस्ट-सप्टेंबरात हवा कोरडी.

अरभाट
तवसाळ, काल मॉरिशसला जाऊच नका म्हणत होतात, आज महिना बदलताय. सप्टेंबरात त्यांचं ऑडिट असतं, वर लिहिलंय.

शंखशिंपला
गणपतीच्या दिवसांत देवमासे मात्र दिसतात. जुलै ते ऑक्टोबर हंपबॅक येतात, पश्चिम किनाऱ्याहून बोट निघते. मेमध्ये ते नाही. डॉल्फिन वर्षभर असतात, पण वीस बोटी मिळून एका कळपाचा पाठलाग करतात तो प्रकार कृपया टाळा.

बोरकूट
टोकन भरण्याआधी रद्द करण्याच्या अटी लेखी घ्या. प्रवास विमा आजच काढा, लांबणीवर टाकू नका. वादळाला नाव पडल्यावर काढलेला विमा त्या वादळाचं नुकसान देत नाही. मेच्या पूर्वार्धात जाणार असाल तर हे तुम्हालाही लागू.

दुपारची झोप
फेब्रुवारीत मालदीवला जा. तेव्हा तिथे कोरडा मोसम असतो, वादळ नाही, काही नाही. मॉरिशस ओव्हररेटेड आहे.

अरभाट
मालदीवमध्ये बाबांना गंगा तलाव कुठे दाखवायचा?

दुपारची झोप
अच्छा, बाबांसाठी आहे का. वाचलं नव्हतं.

आकडेमोड
ठरलं. १७ ते २३ मे, फ्लिक-आँ-फ्लाक. फेब्रुवारीपेक्षा महाग आहे, पण बेल मारच्या मेच्या भावापेक्षा थोडं कमी पडलं. अटी ईमेलवर मागवल्यात, आल्या की टोकन. बाबांना मार्चचं सांगितलं तर म्हणाले, मला माहीत होतं, मला वाटलं तू बघितलं असशील. आई शाकाहारी आहे, हे लिहायचं राहिलं. तिच्या जेवणाचं काय?

खारा वारा
काळजी नको. रस्त्यावर दाल पुरी मिळते, आत चण्याच्या डाळीचं सारण, आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण म्हणा. बरोबरच्या भाजीत मांस नाही ना, एवढं विचारून घ्या. गातो पिमाँ मागा, तो चक्क डाळवडा आहे. हॉटेलला मात्र आत्ताच लिहून कळवा आणि अंडंही नको असेल तर ते वेगळं लिहा, त्यांच्या शाकाहारात अंडं बसतं.

माईआजी
आणि मेतकूट ने.