रनिंगमधल्या (रेल्वेगाडी चालवणाऱ्या) बायका आणि लिंकमधली (ड्यूटीच्या पाळ्यांमधली) 'सूट'

लोणावळ्याची असिस्टंट:
काल येथे एका सदस्याने लिहिले की, देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक, साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८६ मध्ये कल्याणला प्रशिक्षणाला आल्या, मालगाडी, लोकल आणि घाट असे सगळे करून २०११ च्या महिलादिनी त्यांनी डेक्कन क्वीन चालवली आणि २०२३ मध्ये सोलापूरहून वंदे भारत मुंबईला आणली. मग आजच्या मुलींना गाडी चालवण्यातून सूट घेऊन कार्यालयातले काम कशाला हवे? हे वाचून मला रात्री झोप लागली नाही. मी सात वर्षे मालगाडीवर असिस्टंट, म्हणजे सहायक चालक, आहे. कर्जतला घाटासाठी बँकर, म्हणजे मागून ढकलणारे इंजिन, लागेपर्यंत गाडी उभी असते, तेव्हा माझे सहकारी रुळांच्या कडेला जाऊन येतात. मी मात्र साइन ऑनच्या, म्हणजे ड्यूटीवर हजर होण्याच्या, चार तास आधीपासून पाणी पिणे बंद करते. गेल्या उन्हाळ्यात लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला आणि आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले. परतल्यावर लॉबीत, म्हणजे चालक हजेरी लावतात तिथे, पहिले वाक्य कानावर पडले ते म्हणजे, "मॅडमना पुन्हा सूट." सुरेखाताईंबद्दल मला नितांत आदर आहे, पण त्यांनी जे सोसले, ते आम्हीही सोसलेच पाहिजे, हा त्यांच्या कर्तृत्वाचा अर्थ होत नाही.

घाटातला जुना पायलट:
ताई, तुमच्या आजारपणाचे खरोखर वाईट वाटले. परंतु कालचे ते लिखाण माझे होते आणि मी ते मागे घेणार नाही. आमच्या लॉबीतल्या चार मुली कार्यालयात बसतात, त्यांची नावे मात्र रनिंगमध्येच असतात. त्यामुळे जागा रिकामी दिसत नाही, बदली माणूस मिळत नाही आणि त्यांच्या रात्री आमच्या वाट्याला येतात. माझ्या मुलीच्या साखरपुड्याच्या पहाटे मला कॉल आला. त्या गाडीवर नाव दुसऱ्या कोणाचे होते. पाहुणे दारात आणि मी डबा घेऊन लॉबीत! पुढे १८० दिवसांची प्रसूती रजा आणि ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहेच. समान वेतन हवे असेल, तर रात्रीही समान वाटून घ्या.

भुसावळचा मधुमेही:
तुम्ही दोघेही मूळ दुखणे सोडून भांडत आहात. शौचालय हा केवळ बायकांचा प्रश्न नाही. मला मधुमेह आहे, दर तासाला जावे लागते, आणि सिग्नल कधी हिरवा होईल याची खात्री नसल्यामुळे मी खाली उतरूही शकत नाही. २०१६ मध्ये इंजिनात पहिले जैवशौचालय बसले, तेव्हा किती छायाचित्रे छापून आली होती! मला आजवर तसे इंजिन एकदाही मिळालेले नाही. जेवायला वेळ नाही, चालकांच्या विश्रांतीच्या रनिंग रूममध्ये ढेकूण आहेत, आणि आपण मात्र रजा मोजत बसलो आहोत.

घाटातला जुना पायलट:
साहेब, विषय भरकटवू नका. शौचालय हवेच, ते मी कधी नाकारले? गेल्या वर्षी प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्याची किंमत मलाही कळली आहे. मात्र शौचालय बसले म्हणून माझ्या वाट्याच्या रात्री कमी होणार नाहीत.

नागपूर विभागातली:
मी आजवर एकही सूट घेतलेली नाही, म्हणून मला बोलण्याचा अधिकार आहे. एका पावसाळी रात्री ब्रेकचा दाब उतरला. मी टॉर्च घेऊन ५८ वाघिणींच्या (मालडब्यांच्या) कडेने खडीवरून चालत गेले, ब्रेकच्या हवेचा सुटलेला होज पाइप शोधला, जोडला आणि तेवढेच अंतर परत आले. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती. ते काम मला जमले, आणि शिकवल्यास कोणालाही जमते. तरीही दुसऱ्या महिन्यात 'तुमच्या सुरक्षिततेसाठी' असे सांगून मला न विचारता कार्यालयात बसवण्यात आले. माझे मायलेज, म्हणजे गाडी चालवलेल्या अंतराचा भत्ता, गेले, पगारात मोठा खड्डा पडला, आणि मेन लाइनचा जो अनुभव माझ्या बरोबरीच्या मुलांना मिळत होता, तो मला मिळाला नाही. अर्ज करकरून मी परत रनिंगमध्ये आले. त्यामुळे काका, कार्यालयात बसलेली प्रत्येक मुलगी मागून बसली आहे, हे तुम्ही कशावरून ठरवलेत?

लोणावळ्याची असिस्टंट:
मी स्वतः अर्ज केला होता, हे येथे मान्य करते. डॉक्टरांनी सांगितले म्हणून केला, आणि तीन महिन्यांनी परत आले. त्या तीन महिन्यांच्या रात्री कोणी केल्या, हे मी तेव्हा विचारले नव्हते. ते विचारायला हवे होते.

घाटातला जुना पायलट:
विचारले असते, तर इतका राग आला नसता. नागपूरच्या ताईंना न विचारता बसवले असेल, तर ते चूकच आहे. एवढे मान्य करतो, याहून जास्त नाही. कार्यालयात बसलेल्यांच्या जागा रिकाम्या दाखवून त्यांवर माणसे द्यावीत, असा अर्ज तुम्ही लिहा. निवृत्तीला तीन वर्षे आहेत, पहिली सही मी करतो. साखरपुडा मात्र मी विसरणार नाही.