मदत हवी आहे: 'बेरीज' आणि 'बेरजेत' हे एकच व्हेरिएबल आहे, हे पार्सरला कसं पटवू?

नमस्कार मंडळी,

भाचीला प्रोग्रॅमिंग शिकवायला हौसेने एक छोटी मराठी भाषा करतोय. इंटरप्रिटर (ती भाषा चालवणारा प्रोग्रॅम) पायथनमध्ये आहे; त्यातला पार्सर वाक्यांची रचना ओळखतो. 'जर–तर–नाहीतर' मस्त बसलं. 'तर' आला की अट संपली, कंस लागतच नाहीत.

पहिली ठेच टोकनायझरला, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणाऱ्या भागाला (यालाच लेक्सर म्हणतात), लागली. पायथनच्या नेहमीच्या रेगेक्समधला (मजकूर जुळवायच्या नमुन्यातला) अक्षरं ओळखणारा 'बॅकस्लॅश डब्ल्यू' काना-मात्रांना अक्षर मानत नाही, त्यामुळे 'बेरीज'चे ब, र, ज असे तुकडे पडले. आता एकेक कॅरेक्टर हातानेच वाचतो. ते निभलं.

खरं घोडं विभक्तीत अडलंय. मला ओळ अशी हवी आहे:

बेरजेत ५ मिळव.

सध्या चालते ती अशी:

बेरीज मध्ये ५ मिळव.

भाचीने लगेच विचारलं, "मामा, असं कोण बोलतं?" यावर मी काय बोलणार!

जपानीत नादेशिको नावाची भाषा आहे, पण त्यांचं बरं आहे: प्रत्यय लागला तरी नाम जसंच्या तसं राहतं. आपलं सामान्यरूप आडवं येतं. नियम लिहून पाहिले. 'डबा–डब्यात' जमलं, 'परात'मधला 'त' प्रत्यय नाही हेही आधी पूर्ण नाव जुळवून सोडवलं. मग भाचीबाईंनी 'माळी' आणि 'माळा' अशी दोन व्हेरिएबल्स घेतली. दोघांचंही सामान्यरूप 'माळ्या'! 'माळ्याला ५ दे' म्हटल्यावर माळी राहिला बाजूला, पाच रुपये पोटमाळ्यावर जाऊन पडले. एररही नाही.

आता वाटतंय, नियमांचा नाद सोडावा आणि नाव जाहीर करतानाच सामान्यरूप लिहायला लावावं: 'बेरीज, बेरजे- म्हणजे ०'. दोन रूपं धडकली तर तिथेच एरर. टायपिंग वाढेल, पण गुपचूप घोळ होणार नाही. दुसरा पर्याय 'बेरीज-त' असा डॅश. सोपा आहे, पण दिसायला भयाण.

प्रश्न असा: प्रत्यय कुठे तोडू? लेक्सरमध्ये तोडायचा तर त्याला सिम्बॉल टेबलमध्ये (जाहीर केलेल्या नावांच्या यादीत) डोकवावं लागतं, सी भाषेत टाइपडेफमुळे (डेटाच्या प्रकाराला नवं नाव देता येतं त्यामुळे) लागतं तसं. की लेक्सरने शब्द अख्खाच पुढे द्यावा आणि पार्सिंग झाल्यावर नावं जुळवावीत? पण मग 'बेरजेत' हे नाव आणि 'मध्ये' हा वेगळा शब्द, ही दोन्ही रूपं एकाच व्याकरणात कशी बसवू?

कोणी असलं काही केलं असेल तर सांगा. 'सरळ इंग्रजीतूनच शिकव' हा सल्ला मात्र नको, तो ताईकडून रोज मिळतोय.