आईला पुण्यात आणावं का सांगलीतच राहू द्यावं?

सांगलीची लेक: नमस्कार मंडळी, बाबा गेल्यापासून आई सांगलीत एकटीच असते, वय ७६. पेन्शन आहे, कामाला बाई येते, मी रोज रात्री व्हिडिओ कॉल करते. पण हल्ली झोप नाही, जेवण निम्म्यावर आलंय, काही विचारलं की "माझं काय, चाललंय" एवढंच. भाऊ म्हणतो पुण्याला घेऊन जा, पण आम्ही दोघं नवराबायको सकाळी नऊला बाहेर पडतो ते रात्री आठला घरी. काय करावं?

जुना मेंबर: ताई घाई नको. आमच्या सोसायटीत असे आजीआजोबा आहेत, मुलं खरंच चांगली आहेत, औषधपाणी सगळं वेळेवर, पण दिवसभर बोलायला माणूस नाही. पैसा, बाई, डॉक्टर हा एक आधार झाला, आणि "आज का नाही आलात" असं विचारणारं कोणीतरी असणं हा वेगळा. दुसरा तुटला की पहिल्याने भरून निघत नाही. बाबा असताना त्या कुठे जायच्या, ते आधी बघा.

डॉ. नाही, नर्स आहे: एक मात्र करा, झोप आणि भूक दोन्ही गेलीये तर नुसतं "वयामुळे असेल" म्हणून सोडू नका. थायरॉइड, बी १२ तपासून घ्या, ऐकू नीट येतंय का तेही बघा, ऐकू कमी आलं की म्हातारी माणसं लोकांत जायचंच टाळतात. आणि डिप्रेशन असेल तर या वयातही औषधाने, समुपदेशनाने बरं वाटतं. १४५६७ ही ज्येष्ठांसाठी सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, तुम्हीही फोन करू शकता.

सांगलीची लेक: काका तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं, दर गुरुवारी बाबा तिला स्कूटरवरून भजनाला सोडायचे आणि पौर्णिमेला दोघं नरसोबाच्या वाडीला दत्तदर्शनाला जायचे. ते सगळंच बंद झालंय आणि तिने एकदाही तोंडातून काढलं नाही!!

जुना मेंबर: मग गुरुवारची ओळखीची रिक्षा ठरवून टाका. आणि ७५ च्या पुढे एसटी फुकट आहे, २०२२ पासून, फक्त ओळखपत्र जवळ ठेवायला सांगा. भजनातली एखादी मैत्रीण सोबत असेल तर वाडीला निघतील बघा.

सांगलीची लेक: शनिवारी जातेय, तपासण्या करून घेते आणि भजनातल्या काकूंनाही भेटून येते.