रेशन धान्यात द्यावं की रोखीत? माणशी १७० रुपयांचा हिशेब

अन्वय
मराठवाड्याचे ८, अमरावती विभागाचे ५ आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना जानेवारी २०२३ पासून गहू-तांदळाऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात मिळू लागले. पुढे ते १७० झाले. माझं मत स्पष्ट आहे: हीच पद्धत सगळ्या रेशनला लावावी. २०२३-२४ मध्ये सरकारसाठी धान्य खरेदी करून साठवणाऱ्या भारतीय अन्न महामंडळाला तांदूळ किलोमागे ४० रुपयांच्या आसपास पडत होता, गहू २७ च्या आसपास. त्यात बारदाना, हमाली, गोदाम, व्याज, वाहतूक सगळं आलं. एवढा खर्च करून घरात येतं ते फक्त पिष्ट. पाच जणांच्या कुटुंबाला महिना ८५० रुपये दिले तर त्यात तूरडाळ येईल, तेल येईल, अंडी येतील. शिवाय गळती आहेच. २००४-०५ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत लोकांनी सांगितलेली रेशनची खरेदी आणि सरकारी गोदामातून झालेली उचल ताडून पाहिली, तर निम्म्याहून जास्त धान्य वाटेतच गायब झालेलं दिसतं.

काटामापी
अन्वय, त्याच पद्धतीने २०११-१२ चा हिशेब केला की गळती ४२ टक्क्यांच्या आसपास येते. तीही लाजिरवाणीच, पण कमी कशी झाली ते बघा. छत्तीसगडने २००४ पासून खासगी परवाने काढून घेतले, दुकानं ग्रामपंचायती, बचत गट आणि सहकारी संस्थांना दिली, ट्रक थेट दुकानाच्या दारात नेला आणि दुकानदाराचं कमिशन वाढवलं. चोरी रोखायला धान्य बंद करावं लागलं नाही.

आता रोखीचा अनुभव. झारखंडात रांचीजवळच्या नगडी तालुक्यात ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रयोग झाला. १ रुपया किलोचा तांदूळ दुकानात ३२ रुपयांना घ्यायचा आणि अनुदान खात्यात. म्हणजे महिना ३५ किलोवाल्या अंत्योदय (सगळ्यात गरीब) कुटुंबाला आधी १,१२० रुपये हातात हवेत. आधी बँक, मग पैसे काढायला सेवा केंद्र, मग दुकान, अशा खेपा. लोकांनी रांचीपर्यंत मोर्चा नेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारला प्रयोग गुंडाळावा लागला.

अन्वय
नगडीत दोष रचनेचा होता: पैसे खात्यात, पण खरेदी त्याच दुकानातून. आपल्याकडे तशी सक्ती नाही. आणि दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा न उठल्याने परत जाणारे म्हातारे तुम्ही मोजतच नाही.

रानजाई
अंगठ्याचं दुखणं खरंच आहे. पण दुकानात त्याला डोळ्यांचं स्कॅन, ओटीपी किंवा नॉमिनी असे पर्याय ठेवता येतात. गावात बँक नाही तिथे रोख काढायची ती बँक मित्राच्या (गावात बँकेचे व्यवहार करून देणाऱ्याच्या) यंत्रावर, आणि तिथे तोच झिजलेला अंगठा लागतो.

पैसे कुठे अडकतात ते सांगते. आधारवर आधारित रक्कम सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. बाईची दोन खाती असतील (एक जनधन, दुसरं बचत गटासाठी काढलेलं) तर ती जुन्या पासबुकात नोंदी शोधत बसते. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, केवायसीची मुदत संपली की व्यवहार थांबतात. बारा अंकी रेशनकार्डाला कुटुंबातल्या एखाद्याचं आधार जोडलेलं नसेल तर त्याचे पैसे येत नाहीत. धान्य कमी दिलं तर दुकानदाराशी तिथल्या तिथे भांडता येतं, दक्षता समितीकडे जाता येतं. पैसे आले नाहीत तर तहसीलचा पुरवठा विभाग बँकेकडे बोट दाखवतो आणि बँक तहसीलकडे.

काटामापी
आणि माणशी महिना ५ किलो धान्य धरलं, तर १७० भागिले ५ म्हणजे किलोला ३४ रुपये. हा आकडा बाजारभावाशी बांधलेलाच नाही. भाव चढला की तोटा कुटुंबाचा, सरकारचा खर्च तेवढाच. गव्हाचं पोतं मात्र भाव काहीही असो, ५० किलोचंच राहतं. रोख द्यायचीच असेल तर जिल्ह्याच्या किरकोळ भावाप्रमाणे दर तिमाहीला रक्कम बदलेल असं शासन निर्णयातच लिहा.

शिवारातून
बीडच्या ऊसतोड कुटुंबांचा विचार करा. ती कारखान्यावर जातात, म्हातारे गावी राहतात. एकाच कार्डावर थोडं धान्य तिकडच्या दुकानातून आणि उरलेलं गावातून उचलता येतं. ही सोय नीट चालवली तर मला धान्यच बरं वाटतं. पण अन्वय यांचा प्रथिनांचा मुद्दा कुणीच खोडलेला नाही. त्याला उत्तर म्हणून रेशनमध्ये डाळ आणि तेल घाला.

अन्वय
डाळ साठवायला धान्याहून अवघड, तिला किडीचा धोका जास्त. मग निदान कुटुंबाला निवडू द्या. ज्याला धान्य हवं त्याला धान्य, ज्याला रोख हवी त्याला रोख.

काटामापी
निवड ऐकायला न्याय्य वाटते, पण दुकान चालतं क्विंटलवर. कमिशन क्विंटलला १५० रुपये धरलं, तर ५०० लाभार्थ्यांच्या गावात २५ क्विंटलचे ३,७५० रुपये होतात. निम्म्यांनी रोख घेतली की १,८७५ उरतात. त्यात जागेचं भाडं, वीज आणि तोलाईचा माणूस भागत नाही. दुकानदार परवाना परत करतो, गाव शेजारच्या दुकानाला जोडलं जातं, आणि धान्य निवडलेल्या विधवेला चार कोस चालावं लागतं. निवड द्यायची असेल तर आधी प्रत्येक दुकानाला क्विंटलशी न बांधलेलं ठरावीक मासिक मानधन द्या. त्याची तरतूद तुमच्या प्रस्तावात कुठे आहे?